ढिला राहिलेला स्क्रू

अण्णा, गाडी जामसंड्याहून आणली तिथूनच सुरुवात करावी लागते, कारण त्याआधी तुमचं-माझं बोलणं असं फारसं नव्हतंच. तुम्ही तांत्रिक शाळेतून यायचात, हातपाय धुऊन चहा घ्यायचात आणि वर्तमानपत्र उघडायचात. मी बारावी झालेली, कॉलेजात नाव घातलेली, घरात असून नसल्यासारखी. मग अठ्ठ्याण्णव सालच्या त्या मे महिन्यात तुम्ही एका टेम्पोतून मॉरिस घेऊन आलात. जामसंड्याच्या एका आंबेवाल्याच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, ती वीसेक वर्षं पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. दोन दारांची, पाठीमागून गोल, पुढची काच मधोमध दुभागलेली. टायर नव्हतेच. आई दारात उभी राहून म्हणाली, "हो सांगाडो बगून माणसां हसतली." तुम्ही म्हणालात, "हसांदेत." आणि मी पहिल्यांदाच तुम्हाला असं हसताना पाहिलं, की माझंही हसू आवरेना.

पहिले चार-पाच दिवस मी नुसती बघत होते. मग तुमचा हात इंजिनाच्या मागच्या फटीत शिरेना. तुम्ही मला हाक मारलीत. "तुझो हात बारीक आसा, बग भितर जाता काय." गेला. आतल्या नटावर पाना बसला, फिरला, आणि वीस वर्षं गंजलेलं ते काहीतरी माझ्या मनगटाच्या जोरावर सुटलं. मी कुणाला कधी सांगितलं नाही, पण त्या क्षणी माझं पुढचं सगळं आयुष्य मला दिसलं होतं. दोन वर्षं आपण ती गाडी बांधत होतो. आईने वाल निवडावेत तशी मी जुन्या कातडी वॉशरांतून चांगले निवडायची. कार्ब्युरेटर उघडून रॉकेलमध्ये बुडवायची. दारामागच्या खांबातून बाहेर येणारा तो केशरी दिशादर्शक हात मी तीन आठवडे खपून चालू केला, आणि तुम्ही तो शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलात. "ह्या पोरीन केल्यान हां." हे वाक्य तुम्ही तेव्हा म्हणालात. मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी जीन्स आणि तुमचा जुना शर्ट घालून गाडीखाली जायची म्हणून आई कुरकुरायची. एक दिवस तुम्ही मला कुडाळच्या बाजारात शिंप्याकडे नेलंत आणि निळी डांगरी शिवायला टाकलीत, वर्कशॉपात पोरं घालतात तशी, वरून खालपर्यंत एकच. शिंप्याने मला वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, कोणासाठी?" तुम्ही म्हणालात, "माझ्या जोडीदारासाठी." शिंपी हसला. तुम्ही नाही हसलात. त्या संध्याकाळी घरी येताना मी रस्त्याने तुमच्याबरोबर चालत होते की जमिनीवरून दोन बोटं वर, मला आठवत नाही. त्याच वर्षी मी आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा अर्ज आणला. मुलगी म्हणून तिथल्या कारकुनाने दोनदा विचारलं, चुकून तर नाही ना. तुम्ही अर्ज वाचलात, घडी घालून परत दिलात आणि म्हणालात, "बगूया. आधी ही गाडी रस्त्यार येंवदे."

ती दोन हजार सालच्या दसऱ्याला रस्त्यावर आली. पहिल्या दिवशी तुम्ही तिला कुडाळ स्टेशनपर्यंत नेऊन आणलंत. दुसऱ्या दिवशी मला चालवायला दिलीत. तुम्ही शेजारी बसून माझ्या गिअर बदलण्याला नावं ठेवत होता आणि मी मुद्दाम जास्तच खडखड करत होते. मग दिवाळीत ब्रेक थोडे मऊ लागायला लागले. आपण त्यातली हवा काढली. तुम्ही सीटवर बसून पेडल दाबत होता, मी चाकाशी जमिनीवर, हवा काढायच्या स्क्रूला नळी लावून, नळीचं टोक बाटलीत. "दाबा." "सोडा." "दाबा." बुडबुडे यायचे बंद झाले की मी स्क्रू आवळायची. चारही चाकांना केलं. शेवटी आपल्याकडचं ब्रेक ऑइल संपलं, टाकी थोडी अपुरी राहिली. दिवाळीची सुट्टी, दुकानं बंद. तुम्ही म्हणालात, मी बघतो. नावात ऑइल असलं तरी ते तेल नसतं, त्यात साधं तेल पडलं की आतली रबरं फुगून वाया जातात, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. पहिल्याच महिन्यात, बोट वर करून, वर्गात शिकवावं तसं.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी तुम्हाला सांगितलं. पुढचं डावं चाक तापत होतं. बाजारातून आलो होतो, मी ड्रमला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अण्णा, चाक तापता. ब्रेक धरून रवता. उघडून बगूया." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. मी परत म्हटलं. तेव्हा तुम्ही ज्या आवाजात बोललात तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. "माका शिकव नको. पंचवीस वर्सां मी पोरांका ह्याच शिकवतंय. दोन स्क्रू फिरवलंस म्हणून मेस्त्री झालंस?" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, आपल्या दोघांकडे बघून परत आत गेली. मी पाने पेटीत ठेवले. मला वाटलं, माझंच चुकलं असेल. तुम्ही बोललात म्हणजे तसंच असणार.

रविवारी आपण वालावलला निघालो. आईला लक्ष्मीनारायणाचं दर्शन घ्यायचं होतं. तुमच्या शाळेतले दोघे-तिघे सहकारी घरच्यांना घेऊन आधीच गेले होते, आणि मॉरिस घेऊन येतो म्हणून तुम्ही त्यांना शब्द दिला होता. आई पुढे, मी मागे. मी आजही तो उतार पाहते. दोन्ही बाजूंना माड, उजवीकडे खाली तळ्याचं पाणी चमकतंय, आणि आई सांगतेय की देवळात गेल्यावर आधी पाय धुवायचे. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवता. पाय खाली जातो. परत ठेवता. परत जातो, फळीला टेकल्यासारखा आवाज येतो. तुम्ही हँडब्रेक ओढता, गाडीचा वेग थोडा कमी होतो, पण पुढे वळणावर दोन बायका डोक्यावर लाकडं घेऊन चालल्यात, आणि तुम्ही गाडी डावीकडे जांभ्याच्या गडग्यावर, कुंपणाच्या दगडी भिंतीवर, घालता. त्या बायकांना तुम्ही वाचवलंत. हे मी कबूल करते. आईचा डावा खुबा मोडला. तुम्हाला कपाळावर खोक. मला काहीच नाही, पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून ओठ फुटला तेवढा.

दवाखान्यात आईला आत नेलं. बाहेर बाकावर तुमचे सहकारी जमले, डॉक्टर आले, त्यांनी विचारलं कसं झालं. तुम्ही घरात, शेडमध्ये, रस्त्यावर मालवणीत बोलायचात. शाळेत आणि मोठ्या माणसांसमोर प्रमाण मराठीत. तुम्ही उभे राहिलात, कपाळावर पट्टी, आणि स्वच्छ मराठीत म्हणालात, "ब्रेकचं काम मुलीनं केलं होतं. हवा काढायचा स्क्रू ढिला राहिला. चूक माझीच, मी तिच्यावर विसंबलो." मी तीन हात अंतरावर उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग तुमच्याकडे, जास्त मायेने. एकजण म्हणाले, "मास्तर, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका." अण्णा, खोटं बोलायला माणसं आडदांडपणा करतात हे मला माहीत होतं. खोटं असं नम्रपणे, दोष आपल्याच अंगावर घेत असल्यासारखं बोलता येतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. पण तेव्हा मला ते खोटं आहे हे कुठे ठाऊक होतं? मी स्क्रू आवळल्याचं आठवायला लागले. पहिला आवळला, दुसरा आवळला, तिसरा... तिसऱ्या चाकाशी आईने चहाला हाक मारली होती. तेव्हा आवळला की नाही? जितकं आठवायला जावं तितका तो स्क्रू ढिला होत गेला.

अर्ज भरून तयार होता, मी तो दिला नाही. तुम्ही विचारलंही नाही. गाडी टेम्पोतून आणून तुम्ही शेडमध्ये घातलीत, वर ताडपत्री टाकलीत आणि कुणालाही हात लावू दिला नाहीत. एका गॅरेजवाल्याने ब्रेक बघून देतो म्हटलं तर तुम्ही त्याला चहा देऊन वाटेला लावलंत. मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी करताय, माझी चूक पुन्हा कुणाच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून. त्यासाठी मी तुमची मनातल्या मनात कृतज्ञ होते! आई सहा महिन्यांनी काठी घेऊन चालायला लागली. मी तिचं अंग पुसायची, तिला संडासला न्यायची, आणि प्रत्येक वेळी मनात म्हणायची, हे मी केलं. कुडाळात माझ्यासाठी दोन स्थळं आली. एका घरातल्या बाईंनी आईच्या चालण्याकडे बघून विचारलं, "म्हणजे हीच ती गाडीची कामं करणारी?" पुढे काही कळलं नाही.

मी कोल्हापुरात विम्याच्या कचेरीत नोकरीला लागले. नशिबाचा विनोद बघा, मला मोटार अपघातांचे दावे नोंदवायचं टेबल मिळालं. रोज फॉर्म यायचे. 'कारण' या रकान्यात बहुतेक जण एकच लिहायचे, ब्रेक लागले नाहीत. ते वाचताना मला दर वेळी वाटायचं, कुणीतरी कुठेतरी एक स्क्रू ढिला ठेवलेला असणार. तुम्ही गेलात दोन हजार दोनमध्ये, शाळेतून आल्यावर चहा घेता घेता, छातीत कळ येऊन. मी रात्रीच्या गाडीने आले. शेजारी सांगत होते, मास्तर शेवटपर्यंत तुझी काळजी करायचे. करत असणार. का करत होतात ते मात्र मला आता कळलंय.

गेल्या वर्षी, म्हणजे दोन हजार नऊमध्ये, आई न्हाणीघरात पडली. दुसऱ्यांदा मोडलं नाही, पण तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं. मी बदली मागून कुडाळला आले. पावसाळा संपला तेव्हा शेडचे पत्रे बदलायला माणसं बोलावली, त्यांनी विचारलं गाडी कुठे हलवायची. मी ताडपत्री काढली. दहा वर्षं मी कुठल्याही गाडीच्या बोनेटला हात लावला नव्हता. त्या दिवशी रविवार होता. मी सरळ गाडीखाली गेले. मला फक्त तो स्क्रू बघायचा होता. कुठल्या चाकाचा होता तेवढं कळलं तरी पुरे होतं.

चारही घट्ट होते, अण्णा. चौथा तर इतका घट्ट की स्टोव्हवर सळई तापवून लावावी लागली तेव्हा सुटला. मग पायाखालची पट्टी काढून ब्रेकचं मुख्य सिलिंडर खोललं. तिथपर्यंत हात अजून जातो माझा. आतली रबरं भिजवलेल्या वालासारखी टम्म फुगून वेडीवाकडी झालेली. जे बाहेर आलं त्याचा वास मला ओळखीचा होता, पण ब्रेक ऑइलचा नव्हता. मी ते वाटीत घेऊन घरात आले आणि दुसऱ्या वाटीतल्या पाण्यात थेंब टाकले. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. हे वर तरंगत राहिलं, गोल गोल, सोनेरी. शाळेच्या लेथ मशीनला घालायचं तेल. वर्कशॉपची किल्ली सुट्टीतही तुमच्याकडेच असायची.

आई ओट्याजवळ स्टुलावर बसून खोबरं किसत होती. तिने वाटीत पाहिलं. म्हणाली, "ती वाटी परत जेवणात घेव नको." आणि किसत राहिली. मग थोड्या वेळाने, मान वर न करता, "माका म्हायत आसा ता."

मी विचारलं, काय माहीत आहे.

"त्येंनी माका दवाखान्यातच सांगल्यानी. शाळेतला तेल घातलंय म्हणान. पाय धरून रडले माझे."

"आणि माका कित्याक सांगलंस नाय?"

तिने किसणी बाजूला केली. तिला खरंच प्रश्न कळला नसावा असं तिचं तोंड झालं. "अगो, त्येंका रोज शाळेत तोंड दाखवूचा होता. सरकारी तेल घरात हाडलेला. पोरां काय म्हटली असती? तुका खंय जावचा होता?"

"माका आयटीआयक जावचा होता."

"ता कायतरी," आई म्हणाली. "ता काय खरा होता?"

मला तिच्यावर रागावता येत नाही. तिचा पाय बघितला की राग गिळावा लागतो, आणि गिळलेला तो सगळा तुमच्या वाट्याला येतो. तुम्ही घाईत चूक केलीत, ती मी समजू शकते. दोन दिवस दुकान उघडायची वाट बघितली नाहीत, एवढंच. माणसं याहून मोठ्या चुका करतात. पण चाक तापतंय असं मी सांगितलं तेव्हा तुम्हाला कारण ठाऊक होतं. तुम्ही ओरडलात ते मी चुकीचं सांगत होते म्हणून नाही, बरोबर सांगत होते म्हणून. नंतर मी कोल्हापूरला जाईपर्यंत तुम्ही माझ्यासमोर बसून जेवत होता. मी आईला उचलून न्यायची ते बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं. मालवणीत बोलला असतात तरी चाललं असतं, घरातल्या घरात, फक्त मला. मी कुणाला सांगितलं नसतं. हे तुम्हालाही ठाऊक होतं, तरी नाही बोललात.

मग मी गाडी दुरुस्तीला घेतली. तुम्हाला सगळं मूळ होतं तसं हवं असायचं. एक स्क्रू नवा दिसला की तुम्ही तोंड वाकडं करायचात. मी भंगारातून एका छोट्या गाडीचे पुढचे डिस्क ब्रेक आणले. ते मॉरिसला बसवायला मधे जाड पत्र्याचे ब्रॅकेट लागतात, ते बनवून घ्यायला एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे गेले. तुमचाच विद्यार्थी, आता केस पिकलेत. त्याने मी काढलेला आराखडा बघितला, मापं तपासली, मान डोलावली. मग म्हणाला, "ताई, मास्तरांनी ह्या करूक दिल्यानी नसता." आणि हसून पुढे, "पण तुमच्याच हातून तेवा स्क्रू ढिलो रवलेलो ना? बरा केलात, आता डिस्क घाला."

दहा वर्षांनी. काही वाईट हेतू नव्हता त्याचा. मी म्हटलं, "स्क्रू ढिलो नव्हतो. मास्तरांनी शाळेच्या लेथचा तेल घातल्यानी होता. रबरां फुगली."

त्याने मशीन बंद केलं. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे. तुमचा शिकवतानाचा फोटो नाही तिथे, तसलं काही नाही, नुसती भिंत. त्याला लगेच पटलं, हे मला दिसलं, कारण तो कारागीर आहे आणि त्याला कारण समजतं. पण तो म्हणाला, "मास्तर असा करूचे नाय." आणि मशीन सुरू केलं. ब्रॅकेट त्याने उत्तम करून दिले, कडासुद्धा घासून. निघताना माझ्याशी बोलला नाही. म्हणजे सत्य सांगून मला मिळालं ते एवढंच, की एका माणसाचा मास्तर मी हिरावला आणि माझ्यावरचा डाग होता तिथेच राहिला.

परवा सकाळी मी मॉरिस घेऊन वालावलच्या त्याच उतारावर गेले. आईला म्हटलं येतेस का, ती म्हणाली, माका नको गो ती गाडी. मी एकटीच गेले. अर्ध्या उतारावर, रस्ता मोकळा बघून, ब्रेकवर पूर्ण जोराने पाय ठेवला. गाडी जागच्या जागी थांबली, सरळ रेषेत, एका बाजूला जराही न ओढता. मागून माल घेऊन येणारा टेम्पोवाला शिव्या देत बाजूने गेला. मी इंजिन बंद करून तिथेच बसले. इतकं नेमकं काम मी आजवर केलं नव्हतं. कचेरीत कुणाला सांगून उपयोग नाही, आईला कळणार नाही, लेथवाला आता बोलत नाही. हे पत्र तुम्हाला तुमचं पाप सांगायला म्हणून लिहायला घेतलं होतं, ते कुठे जाणार नाही हे माहीत असूनही. पण खरं सांगते, त्या उतारावर मला पहिल्यांदा जे सांगावंसं वाटलं ते पापाबद्दल नव्हतं. अण्णा, बगा, कशी थांबली, एवढंच तोंडात आलं होतं. आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.